सिगरेटच्या पाकिटांतील खेळाडूंचीं कार्डें व त्यांवरील छपाईदोषांची परीक्षा

जुनें पत्र अस्सल कीं बनावट, हा प्रश्न आम्हां संशोधकांच्या नित्य परिचयाचा आहे. शिक्का, शाई, कागद, अक्षराचें वळण, मायना व मिती यांपैकीं एकाचा जरी मेळ बसला नाहीं तरी पत्र बाजूस ठेवावें लागतें, हें संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कित्येकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेंतील बेसबॉल खेळणारांचीं चित्रें असलेलीं, सिगरेटच्या पाकिटांत घालून वांटलेलीं लहान कार्डें, आणि त्यांतहि नीट छापलेलीं नव्हेत, तर छापतांना बिघडलेलीं, म्हणजे रंग सुटलेलीं, दुबार ठसा पडलेलीं, नांव चुकलेलीं, अशीं कार्डें खरीं कोणतीं व खोटीं कोणतीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें एका स्नेह्यांमुळें. हे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडील. बरीच वर्षें न्यू जर्सीकडे असतात, आणि मोडी कागदांच्या जोडीनें हीं कार्डेंहि जमवितात. त्यांनीं बरेंच द्रव्य वेंचून घेतलेलीं दोन कार्डें सुटींत येतांना आम्हांकडे आणलीं व "दप्तरांतील कागद ज्या रीतीनें पाहतां त्याच रीतीनें हीं पाहा," असा आग्रह धरला. दोहोंपैकीं एकाविषयीं आम्हीं प्रथम दिलेला अभिप्राय चुकीचा होता. ती चूक कशी झाली हें सांगणें हा या लेखाचा एक हेतु आहे.

ज्या मालिकेंतील हीं कार्डें आहेत ती संग्राहकांत टी-२०६ या नांवानें प्रसिद्ध आहे. हें नांव छापणारांनीं दिलेलें नव्हे. जेफरसन बर्डिक या व्यासंगी संग्राहकानें अमेरिकेंतील सर्व छापील कार्डांची जी सूची केली तींतील हा क्रमांक होय. (बर्डिकनें आपला तीन लक्षांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, व प्रकृति ढासळलेली असतां तेथेंच बसून तो वह्यांत चिकटविला. आपल्याकडील किती संग्राहकांस अशी बुद्धि होते?) मालिका १९०९ पासून १९११ पर्यंत निघाली. काढणारी अमेरिकन टोबॅको कंपनी, छापणारी न्यूयॉर्कची अमेरिकन लिथोग्राफिक कंपनी. प्रत्येक कार्ड सुमारें १ ७/१६ इंच रुंद व २ ५/८ इंच उंच. पुढें खेळाडूचें रंगीत चित्र व खालीं तपकिरी शाईंत नांव. पाठीवर पीडमाँट, स्वीट कॅपोरल इत्यादि १६ सिगरेट-तंबाखूंपैकीं एकाची जाहिरात. संग्राहकांच्या गणनेप्रमाणें निरनिराळीं चित्रें ५२४ आहेत.

आतां, बिघडलेल्या कार्डांस महत्त्व कां? केवळ विरळ म्हणून किंमत, हें एक कारण झालें. व्यापाऱ्यांस तेवढें पुरे. इतिहासाच्या दृष्टीनें कारण वेगळें आहे. या मालिकेचा न कापलेला पूर्ण ताव आजवर उजेडांत आलेला नाहीं. एका तावावर किती चित्रें होतीं, कोणतें कोणाच्या शेजारीं होतें, एकाच खेळाडूचें चित्र उभ्या ओळींत किती वेळां येत होतें, हें सर्व अनुमानानें ठरवावें लागतें, आणि त्या अनुमानाचीं साधनें म्हणजे हे दोषच. कार्ड वांकडें कापलें गेल्यामुळें माथ्यावर शेजारच्या कार्डाचें नांव दिसतें. छापण्याच्या पृष्ठावर पडलेला एखादा ओरखडा एका कार्डाच्या पाठीवरून निघून दुसऱ्याच्या पाठीवर चालू राहतो; पीडमाँटच्या पाठींवरील असे ओरखडे जुळवून कांहीं चिकाट्या संग्राहकांनीं तावांचे तुकडे पुनः मांडले आहेत. फाटलेल्या बखरीचीं पानें वाळवीच्या भोकांवरून लावावीं तसा हा प्रकार आहे. अशा ठिकाणीं एक बनावट तुकडा आंत शिरला तर तो विकत घेणाराचीच नव्हे, तर त्यावर मांडणी रचणाऱ्या सर्वांची फसवणूक करतो.

दोषाची परीक्षा करावयाची तर तो कसा उत्पन्न होतो हें आधीं कळलें पाहिजे. हीं कार्डें शिळाछापावर छापलेलीं आहेत. ही कला जर्मनींत सेनेफेल्डरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. आपल्याकडे गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर पंचांग छापलें, तेव्हांपासून ती आपल्या परिचयाची आहे. रंगीत शिळाछाप पाहावयाचा असेल तर १८९४ सालीं मुंबईस निघालेल्या व पुढें मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्याचें एखादें जुनें चित्र भिंगाखालीं धरावें. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा (पुढें जस्ताचा पत्रा) लागते. तोच ताव तितक्या वेळां यंत्रांतून जातो. आणि रंग एकमेकांवर बरोबर बसावे म्हणून तावाच्या कडेस फुलीसारख्या खुणा असतात. मूळ चित्र एकदां तयार झालें कीं चिकट शाईच्या कागदावर त्याचे ठसे काढून ते मोठ्या शिळेवर हवे तितक्या वेळां उतरवितात, व त्या शिळेवरून ताव छापतात.

या शेवटच्या क्रियेंत सर्व मर्म आहे. दोष मूळ चित्रांतच असेल तर तो त्या चित्राच्या प्रत्येक प्रतींत येईल. दोष मोठ्या शिळेवरील एकाच जागीं असेल तर त्या जागेवरून निघालेल्या सर्व कार्डांवर तो तसाच्या तसा येईल, इतरांवर येणार नाहीं. आणि दोष एकाच तावापुरता असेल, जसें कागदाचा कपटा मध्यें आला, ताव दुमडला, एक रंग चुकून राहिला, तर त्या तावावरील शेजारच्या कार्डांसहि त्याची झळ लागलेली असली पाहिजे. दोष कोणत्या वर्गांतला हें आधीं ठरवावें. प्रत्येकाची साक्ष निराळी.

पहिल्या वर्गाचें उदाहरण शेरी मॅगी या खेळाडूचें. त्याच्या आडनांवांतील चौथें इंग्रजी अक्षर 'ई' असावयाचें, तें प्रथम 'आय' पडलें व लवकरच दुरुस्त झालें. चुकीचें कार्ड फार मोलाचें असल्यामुळें दुरुस्त कार्डावरील अक्षर खरवडून व रेखून तें 'चुकीचें' करण्याचा मोह उघडच आहे. परंतु चूक आरंभींच्या छपाईंत झाली, म्हणून अस्सल कार्डाची पाठ पीडमाँटचीच व तीहि '१५० चित्रें' असा उल्लेख असलेलीच असते. पाठीवर स्वीट कॅपोरल असेल तर पुढच्या अक्षराकडे भिंग लावण्याचें कारणच उरत नाहीं. माधवराव पेशव्यांच्या पत्रावर सवाई माधवरावांचा शिक्का असावा, तसें तें आहे. डॉईलचें कार्डहि असेंच. न्यूयॉर्कमध्यें दोन संघ व दोन डॉईल होते. अमेरिकन लीगमधील जो डॉईलच्या चित्राखालीं चुकून 'नॅशनल' हा शब्द पडला व तो नंतर काढून टाकण्यांत आला. हा शब्द असलेलीं कार्डें हातावर मोजण्याइतकीं. शब्द नसलेलीं विपुल. तेव्हां शब्द नव्यानें लिहिण्याकडे बनावट करणाराची बुद्धि धांवणार, हें सांगणें नको. येथें शाईचा रंग व अक्षरांची जाडी तर पाहावीच, पण पाठ पीडमाँट ३५० ची आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें.

जातां जातां एका दंतकथेचा समाचार घेतों. एडी प्लँकचें कार्ड विरळ कां, याचें उत्तर म्हणून त्याची 'शिळा फुटली' असें सांगण्यांत येतें. परंतु हें कार्ड स्वीट कॅपोरलच्या १५० व ३५० अशा दोन्ही पाठींवर मिळतें. म्हणजे एका खेपेनंतर तें पुनः दुसऱ्या खेपेंत छापलें गेलें. फुटलेली शिळा पुनः छापूं शकत नाहीं, आणि मूळ चित्र शाबूत असतां नवीन ठसा उतरविण्यास अडचणहि नव्हती. कथा टिकली ती सांगावयास सोपी म्हणून.

तिसऱ्या वर्गांतील, म्हणजे शेजाऱ्यांच्या साक्षीवर ठरणाऱ्या दोषाचें उत्तम उदाहरण बरेंच अलीकडचें आहे. टॉप्स कंपनीच्या १९९० सालच्या मालिकेंत फ्रँक टॉमसचें ४१४ क्रमांकाचें कार्ड कांहीं प्रतींत नांवावांचून छापलें गेलें. नांव पुसून असें कार्ड बनविणें कठीण नाहीं, म्हणून पुष्कळ दिवस संशय होता. पुढें संग्राहकांनीं ताव मांडून पाहिला तेव्हां असें दिसलें कीं, तावावरील आसपासच्या इतर खेळाडूंच्या कार्डांवरहि काळ्या शाईच्या रेघा अर्धवट तुटलेल्या आहेत, आणि सर्व तुटके भाग एकत्र ठेवले असतां एकच आडवातिडवा पट्टा तयार होतो. काळ्या रंगाच्या पत्र्यावर कांहींतरी आड आलें होतें, एवढें त्यावरून निश्चित झालें. नांव पुसणारा नांव तेवढें पुसतो. भोंवतालची बारीक काळी रेघहि त्याच पट्ट्यांत गेली पाहिजे हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं, आणि शेजारच्या खेळाडूंचीं हजारों घरीं विखुरलेलीं कार्डें बिघडविणें तर त्याच्या हातांत नसतेंच.

आतां स्नेह्यांच्या पहिल्या कार्डाकडे वळूं. तें 'तांबडा रंग सुटलेलें' म्हणून घेतलेलें. खेळाडूचे ओंठ व गाल फिके, मागची भूमि पिंवळी. तांबड्या शिळेखालून न गेलेले ताव खरोखर बाहेर पडले आहेत, तेव्हां वस्तु अशक्य नाहीं. परंतु रंग न पडणें व पडलेला रंग उडणें यांत अंतर आहे. रंग पडलाच नसेल तर बाकीचे रंग पूर्ण तेजाचे असावे, आणि तांबड्याचा एक कणहि कोठें असूं नये. उन्हानें किंवा औषधानें उडाला असेल तर सोबत इतर रंगहि थोडेबहुत खचतात, आणि कोठेंतरी माग राहतो. या कार्डावरील निळा रंग राखेसारखा झालेला व खालचें तपकिरी नांव विटलेलें होतें. दहापट भिंगाखालीं वरच्या दोन कोपऱ्यांत, पांढऱ्या किनारीच्या लगत आंत, मोहरीएवढ्या त्रिकोणी जागेंत भूमि पिंवळी नसून नारिंगी आढळली. वहींत कार्ड बसविण्यासाठीं कोपऱ्यांवर जे कागदी कोन लावतात त्यांखालीं ही जागा झांकली गेली होती. तेथें ऊन पोंचलें नाहीं. पाठीवरील स्वीट कॅपोरलची तांबडी जाहिरात जशीच्या तशी लाल होती, कारण पाठीस ऊन लागलेंच नव्हतें. निर्णय सोपा झाला. यांत कोणी लबाडी केली असेंहि आम्ही म्हणत नाहीं. एखाद्या मुलानें वही खिडकींत उघडी ठेवली असेल. विकणाराचें अज्ञान व विकणाराची लबाडी यांचा परिणाम घेणाराच्या थैलीवर सारखाच होतो, पण परीक्षकानें दोहोंस एक नांव देऊं नये.

कागद व शाई यांच्या ढोबळ कसोट्या वाचकांस ठाऊकच असतील, म्हणून त्या थोडक्यांत उरकतों. आधुनिक नकला चार रंगांच्या जाळीवर छापलेल्या असतात. भिंगाखालीं सर्वत्र एकाच मापाच्या ठिपक्यांचीं फुलें दिसतात, आणि अक्षरेंसुद्धां कित्येकदां ठिपक्यांचींच बनलेलीं असतात. शिळाछापांतहि ठिपके असतात, परंतु ते असमान असतात, प्रत्येक रंगाचे स्वतंत्र असतात, व अक्षरें भरीव असतात. अतिनील दिव्याखालीं १९५० च्या सुमारानंतरचा बराच कागद निळसर चमकतो, कारण शुभ्रता वाढविणारीं द्रव्यें तेव्हांपासून कागदांत पडूं लागलीं. येथें एक सावधगिरी हवी. चमक दिसली तर १९०९ सालचा दावा बहुधा संपला (धुतलेल्या किंवा नव्या गोंदानें चिकटविलेल्या जुन्या कार्डाचा अपवाद पाहावा). परंतु चमक न दिसणें हा पुरावा नव्हे. जुन्या वह्यांचीं कोरीं पानें फाडून त्यांवर सनदा लिहिणारे आपल्याकडे झाले, तसेच जुना कागद मिळविणारे तिकडेहि आहेत.

आजच्या छापयंत्रांनीं परीक्षकास एक अनपेक्षित देणगी दिली आहे. रंगीत लेसर यंत्रांपैकीं पुष्कळ यंत्रें प्रत्येक पानावर डोळ्यांस न दिसणारे बारीक पिंवळे ठिपके टाकतात व त्यांत यंत्राचा क्रमांक आणि पुष्कळदां छपाईची तारीख असते. एका प्रकारच्या यंत्राची ही लिपी २००५ सालीं उलगडली गेली. पोकेमॉन या खेळाच्या, १९९६ च्या सुमाराचे पहिले नमुने म्हणून विकल्या गेलेल्या कांहीं कार्डांवर २०२५ सालच्या आरंभीं संग्राहकांस असे ठिपके आढळले, व वाचतां त्यांत २०२४ साल निघालें. कांचेसारख्या डबींत बंद करून, अस्सल म्हणून चिठ्ठी लावून हीं कार्डें विकलीं गेलीं होतीं. बनावट पत्राखालीं लेखकानें आपल्या हातानें खरी मिती घालावी, असा योग इतिहाससंशोधकाच्या वांट्यास क्वचितच येतो!

चिठ्ठीचा विषय निघालाच आहे, तर होनस वॅगनरच्या कार्डाची कथा सांगितलीच पाहिजे. वॅगनरनें आपलें चित्र देण्यास हरकत घेतली; तंबाखू मुलांच्या हातीं जाऊं नये म्हणून, असें एक मत, मोबदला न मिळाल्यामुळें, असें दुसरें. कसेंहि असो, थोडींच कार्डें बाहेर पडलीं. त्यांतील सर्वांत स्वच्छ समजलें जाणारें कार्ड बिल मॅस्ट्रो यानें १९८५ सालीं २५,००० डॉलरांस घेतलें. १९९१ सालीं तें सदबीच्या लिलावांत ४,५१,००० डॉलरांस गेलें, त्याच वर्षीं नव्यानें निघालेल्या परीक्षक संस्थेनें त्यास दहांपैकीं आठ गुण देऊन पहिला क्रमांक दिला, आणि २००७ सालीं त्याची किंमत २८ लक्ष डॉलरांवर गेली. कडा फारच सरळ आहेत अशी कुजबुज पहिल्यापासून होती. २०१३ सालीं दुसऱ्या फसवणुकीच्या खटल्यांत गुन्हा कबूल करतांना मॅस्ट्रोनें हें कार्ड आपण कातरलें होतें असें मान्य केलें. कार्ड अस्सल, छपाई अस्सल, कागद अस्सल. कडा तेवढ्या अस्सल नव्हेत. आणि नेमक्या त्या कडांवरच सर्व किंमत चढली होती.

याच वॅगनरची पांच चित्रांची एक अखंड पट्टी आहे. तींत ब्राउन, वॅगनर, बॉवरमन, यंग व क्लिंग हे एका ओळींत आहेत, आणि कडेस रंगजुळणीच्या फुल्या आहेत. ती वॅगनरच्या घरीं त्याच्या जुन्या कपड्याच्या खिशांत सांपडली असें सांगतात. खिशाची गोष्ट खरी असो वा नसो, फुल्या मात्र विक्रीच्या कार्डावर कधींच येत नाहींत. त्या छापखान्यांतील कच्च्या ठशावरच असावयाच्या. आम्ही गोष्टीपेक्षां फुलीस अधिक मानतों.

जी वस्तु सर्व लक्षणांनीं बनावट दिसते, पण अस्सल आहे, तिचाहि एक दाखला द्यावयास हवा. बोस्टनच्या गौडी गम कंपनीनें १९३३ सालीं २४० कार्डांची मालिका जाहीर केली, परंतु १०६ क्रमांकाचें कार्ड काढलेंच नाहीं. मुलांनीं तें शोधीत गोळ्यांचीं पाकिटें घेत राहावीं, हा त्यांतील हेतु समजला जातो. तक्रारी आल्या तेव्हां कंपनीनें १९३४ सालीं नॅप लाजोईचें चित्र त्या क्रमांकावर छापून तक्रार करणारांस टपालानें धाडलें. त्यामुळें या कार्डावर १९३३ व १९३४ या दोन सालांची धाटणी मिसळलेली आहे. आणि पुष्कळ प्रतींवर टांचणीची, म्हणजे कागद अडकविण्याच्या तारेची, खूण आहे, कारण तें पत्रास अडकवून पाठविलें होतें. पूर्ववृत्त न जाणणारा परीक्षक 'धाटणी मिश्र, सबब बनावट' असा निकाल देईल. १९३४ च्या कार्डांबरोबर लाजोई असलेला न कापलेला ताव उपलब्ध आहे, म्हणून वाद मिटला.

हेंच सूत्र आमच्या हातून सुटलें तें दुसऱ्या कार्डाच्या वेळीं. त्यावर दोन खेळाडूंचीं चित्रें एकावर एक, थोडीं तिरपीं पडलेलीं, पाठ कोरी, माप नेहमीपेक्षां लहानमोठें, आणि चारी कडा कातरीनें कापलेल्या, एक तर चक्क नागमोडी. यंत्रानें कापलेलीं अस्सल कार्डें पाहून आलेले आम्ही कडा पाहतांच 'बनावट' असें लिहून मोकळे झालों. रात्रीं विचार करतां लक्षांत आलें कीं, प्रश्नच उलटा आहे. छापणारा शाई व दाब जमविण्यासाठीं चांगले ताव वाया घालवीत नाहीं. तेच बिघडलेले ताव पुनःपुन्हां यंत्रांत घालतो, म्हणून त्यांवर चित्रावर चित्र पडतें. असे ताव रद्दींत जावयाचे. कापण्याच्या यंत्रापर्यंत ते पोंचतच नाहींत. त्यांचा तुकडा आज कोणापाशीं असेल तर तो छापखान्यांतल्या कोणीतरी घरीं नेऊन कातरीनेंच कापलेला असणार. सामान्य कार्डावर जी कातर संशयाचें कारण, तीच येथें अपेक्षित लक्षण होतें. यंत्रानें कापलेला सरळ तुकडा असता तरच अधिक शंका घ्यावयास हवी होती.

मग दुसऱ्या दिवशीं पुनः भिंग घेऊन बसलों. प्रश्न एवढाच ठेवला कीं, दुसरा ठसा कागद कापण्यापूर्वीं पडला कीं नंतर. कापलेल्या जुन्या कार्डावर मागाहून छापलें तर शाई कडेवरून खालीं उतरते, किंवा कडेच्या अलीकडे थांबते. येथें दोन्ही चित्रांचे रंग नागमोडी कडेपर्यंत सरळ जाऊन कागदाबरोबर स्वच्छ कापले गेले आहेत. दोन्ही चित्रांच्या शाईचा पोत व ठिपक्यांची असमानता सारखी. जाळीचीं फुलें कोठेंहि नाहींत. दिव्याखालीं कागद मंद राहतो. माथ्याच्या कडेस तिसऱ्याच कोणाच्या नांवाच्या दोन अक्षरांचे खालचे अर्धे भाग तपकिरी शाईंत आहेत. पूर्ववृत्त मात्र एका विक्रेत्यापलीकडे जात नाहीं, व जुन्या कागदाचा प्रश्न केवळ दिव्यानें सुटत नाहीं. सबब 'छापखान्याच्या रद्दीचा अस्सल तुकडा असण्याचा बळकट संभव' एवढाच अभिप्राय आम्हीं लिहून दिला, व आधींचा कागद फाडून न टाकतां तारखेसह सोबत जोडला. त्या दोन अर्ध्या अक्षरांवरून शेजारच्या खेळाडूचें नांव ठरवून तावाच्या मांडणींत तें बसविण्याचा मोह स्नेह्यांस फार होता. तीं अक्षरें निदान चार नांवांशीं जुळतात, म्हणून तसें करूं नये असें आम्हीं कळविलें. नागमोडी कड सरळ करून घेतली तर डबींत बरी दिसेल, अशी सूचना त्यांस कोणी विक्रेत्यानें केली होती. त्या कडेंतच तीं अर्धीं अक्षरें आहेत. तुकडा सध्यां एका साध्या लिफाफ्यांत, दोन्ही अभिप्रायांसह, आहे तसाच ठेवला आहे.